अंथरूण पाहून पाय पसरावे : प्रवासी ट्रेलर कसा निवडावा?

शाळेच्या मधल्या सुट्टीत चहा घेताना पालकांमध्ये हल्ली एक विषय वारंवार निघतो : "ट्रेलर घ्यावा का?" मुलांना राष्ट्रीय उद्याने दाखवायची असतात, मोटेलचे दर परवडत नाहीत, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना तंबूत जमिनीवर झोपवणे बरे वाटत नाही. म्हणून या वेळच्या पाठासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. मुलांसाठी यात गणित आहे, पालकांसाठी खर्चाचा हिशेब आहे, आणि सर्वांसाठी थोडे नवे शब्द आहेत.

प्रथम व्याख्या पाहू. प्रवासी ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे छोटे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. इंजिन असले की ते मोटरहोम. पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवतात तो फिफ्थ व्हील. ट्रेलरचा मोठा फायदा असा की मुक्कामी पोचल्यावर तो सोडून ठेवता येतो आणि गाडी फिरायला मोकळी होते. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टु-द-सन रस्त्याच्या मधल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे. तिथे ट्रेलरवाला आपली मोटार घेऊन जातो, मोठ्या मोटरहोमवाल्याला मात्र दुसरी सोय पाहावी लागते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोग्राम लिहायला बसण्यापूर्वी 'काय हवे आहे' आणि 'काय शक्य आहे' अशा दोन याद्या करतात. ट्रेलरच्या दुकानात शिरण्यापूर्वी आपणही तेच करू या. दुकानात आधी गेलो तर गाद्या, आरसे आणि दिवे पाहून निर्णय होतो. खरे तर निर्णय आपल्या गाडीच्या दारावर चिकटवलेला असतो.

१. दारावरचा आकडा

चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर टायरच्या माहितीचे एक लेबल दिसते. 'माणसे आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन नको' असे त्यावर लिहिलेले असते. याला आपण 'भारक्षमता' म्हणू. जाहिरातीत मात्र दुसराच आकडा असतो : 'ही गाडी ५००० पौंड ओढते.' ही झाली 'ओढक्षमता'. ती ठरवताना गाडीत मोजकीच माणसे आहेत असे धरलेले असते. भरलेल्या गाडीत बहुधा आधी भारक्षमता संपते, ओढक्षमता नंतर.

असे का होते? ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या चाकांवर नसते. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग पुढच्या दांडीवरून गाडीच्या हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. ज्यांनी गावाकडची बैलगाडी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. ओझे फार पुढे भरले तर जू बैलांच्या मानेवर दाबते. फार मागे भरले तर जू वर उचलले जाते आणि गाडी 'उलाळ' होते. ट्रेलर उलाळ झाला तर हमरस्त्यावर तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि वेग जास्त असेल तर गाडीलाही बरोबर घेऊन उलटू शकतो. म्हणून दांडीवर पुरेसे वजन हवेच, आणि ते पेलण्याची ताकद गाडीत हवी.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, गाडीची भारक्षमता १४०० पौंड आहे.

बाबा १७०, आई १४०, दोन मुले मिळून १३०, आजी-आजोबा मिळून २९०. एकूण ७३० पौंड.
गाडीतले सामान (बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, पिशव्या) १५० पौंड.
हिचचे साहित्य ८० पौंड.
बेरीज ९६०. उरले ४४० पौंड.

दांडीवर १२.५ टक्के, म्हणजे एक-अष्टमांश वजन येते असे धरले, तर भरलेला ट्रेलर ४४० × ८ = ३५२० पौंडांचा चालेल. जाहिरातीतल्या ५००० पौंडांच्या ट्रेलरचे दांडीवर ६२५ पौंड येतील. ते या गाडीला झेपणार नाहीत.

आता गंमत पाहा. आजी-आजोबा बरोबर नसतील तर ७३० पौंड उरतात, आणि ७३० × ८ = ५८४०. म्हणजे तेव्हा भारक्षमतेची अडचणच येत नाही, ५००० ची ओढक्षमता हीच मर्यादा ठरते. चौघांचा हिशेब करून मोठा ट्रेलर घेतला, तर ज्यांच्यासाठी घेतला त्यांनाच गाडीत बसवता येत नाही! आणि त्यांना मागे ट्रेलरमध्ये बसवू, हा पर्याय नाही. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. तिथे सुरक्षेचे पट्टे नसतात. तेव्हा पहिला नियम : गाडी जेव्हा सर्वांत जास्त भरलेली असेल, त्या दिवसाचा हिशेब करावा.

२. रिकामे आणि भरलेले

विक्रेता सांगतो ते बहुधा रिकाम्या ट्रेलरचे वजन असते. त्यात आपले काहीच नसते. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचे. ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड झाले. बॅटरी ६० पौंड. अंथरुणे, भांडी, कपडे, तांदूळ-डाळी धरून ३५० पौंड. ही बेरीज ६६०. आपल्या ३५२० मधून वजा केली की २८६० उरतात. म्हणजे वरच्या कुटुंबाने सुमारे २८५० पौंडांपर्यंतचा रिकामा ट्रेलर शोधायचा. ट्रेलरवरही 'सामान इतकेच' असे लेबल असते, तेही वाचावे. विकत घेतल्यावर एकदा सर्व सामान आणि माणसांसकट ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊन खात्री करावी.

ब्रेकचा विचारही इथेच करावा. कॅलिफोर्नियात १५०० पौंड किंवा त्याहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. इतर राज्यांचे आकडे वेगळे आहेत, ते पाहून घ्यावेत. विजेचे ब्रेक चालवायला गाडीत एक नियंत्रक बसवावा लागतो. ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात वेगाची मर्यादा ताशी ५५ मैल आहे. पुढे रस्ता मोकळा दिसला तरी ती पाळावी.

३. झोपणार कोण, कुठे?

'सहा जण झोपतात' असे पत्रकात छापलेले असते. त्यातले दोघे बहुधा जेवणाच्या टेबलावर झोपतात, म्हणजे टेबल रोज रात्री मोडून सकाळी पुन्हा मांडायचे. मुलांना दोन दिवस याची मजा वाटते. आजोबांना पहाटे पाचला उठून चहा लागतो, त्यांचे काय?

म्हणून पत्रक बाजूला ठेवून प्रत्येकाने प्रत्यक्ष आडवे होऊन पाहावे. घरातला क्वीन पलंग ८० इंच लांब असतो, ट्रेलरमधला बऱ्याचदा ७४-७५ इंचच असतो. पलंग कोपऱ्यात असेल तर भिंतीकडच्या माणसाला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. आजी-आजोबांसाठी दोन्ही बाजूंनी वाट असलेला, फार उंच नसलेला पलंग हवा. दाराच्या पायऱ्या आणि हाताला धरायची दांडीही तपासावी. मुलांच्या वरच्या बर्थवर किती वजन चालते हे विचारावे.

लहान ट्रेलरमध्ये संडास आणि शॉवर एकाच खोलीत असतात आणि अंघोळीनंतर सगळेच ओले होते. मुंबई-पुण्याच्या जुन्या ब्लॉकमध्ये वाढलेल्यांना याचे नवल वाटणार नाही, पण ओल्या फरशीवर वयस्कर माणसाचा पाय घसरतो. तिथे रबराची चटई हवीच.

पॉप-अप प्रकारात वरचा भाग कापडाचा असतो. तो हलका आणि स्वस्त असतो. परंतु यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींच्या वाहनांना जागा मिळते. जिथे जायचे आहे तिथले नियम आधी वाचावेत.

४. लांबी, पाणी, वीज

योसेमिटीच्या अप्पर पाइन्स तळावर २४ फुटांपर्यंतचेच ट्रेलर चालतात, नॉर्थ पाइन्सला ३५ फुटांपर्यंत. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे पूर्ण लांबी असे समजू नये. पुढच्या दांडीपासून मागच्या बंपरपर्यंत टेप लावून मोजावे.

ट्रेलरमध्ये पाण्याच्या तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि संडासाची. सहा जणांनी दिवसाला पाच-पाच गॅलन वापरले तर ३० गॅलनची टाकी एका दिवसात रिकामी. पाच गॅलन म्हणजे आपली एक मोठी बादली. लहानपणी पाणीकपातीत एका बादलीत अंघोळ केलेले पालक इथे मुलांना चांगले शिकवू शकतील!

विजेचे गणित सोपे आहे. ३० अँपियर × १२० व्होल्ट = ३६०० वॅट. यात वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचे यंत्र तिन्ही एकदम चालत नाहीत. शिवाय राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच तळांवर वीज-पाण्याची जोडणी नसतेच.

स्वयंपाकाबद्दल एवढेच : फोडणी देताना छताची खिडकी आणि पंखा चालू ठेवावा. वासासाठी नव्हे, तर बंद जागेत गॅसच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो म्हणून. त्याचा आणि गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र चालू आहे का, हे प्रत्येक सहलीपूर्वी पाहावे.

५. खर्चाचा हिशेब

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे घालून हिशेब करावा. समजा, ट्रेलर २२,००० डॉलरला घेतला आणि पाच वर्षांनी १३,००० ला विकला.

किमतीतली घट ९०००
विमा आणि नोंदणी (वर्षाला ४००) २०००
उभा करायची जागा (महिन्याला ७५) ४५००
टायर, बॅटरी, छताची डागडुजी ३०००
हिच आणि ब्रेक-नियंत्रक १०००
एकूण १९,५०० डॉलर

वर्षाला २० रात्री वापरला तर पाच वर्षांत १०० रात्री, म्हणजे रात्रीला १९५ डॉलर. तळाचे भाडे, पेट्रोल आणि कर्जाचे व्याज यात धरलेले नाही. तसाच ट्रेलर रात्रीला १२० डॉलरने भाड्याने मिळत असेल, तर विकत घेणे परवडायला सुमारे १६३ रात्री लागतील, म्हणजे वर्षाला साधारण ३३.

आता प्रत्येकाने घरातले कॅलेंडर उघडावे. आपल्यापैकी अनेकांना वर्षाला दोन-तीन आठवडे रजा मिळते. एक वर्षाआड ती सगळी भारतात जाते. शनिवार-रविवारी क्रिकेट, तबला, आणि ही आपली मराठी शाळा! ३३ रात्री कुठून आणायच्या? ज्यांना त्या मिळतात त्यांनी जरूर घ्यावा. बाकीच्यांनी, विशेषतः आजी-आजोबा येणार असतील त्या उन्हाळ्यात, दोन आठवड्यांसाठी भाड्याने घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. मुलांना आठवण राहते ती आजीबरोबर पाहिलेल्या ताऱ्यांची, ट्रेलर कोणाच्या नावावर होता याची नाही.

जुना ट्रेलर घेणार असाल तर पाण्याची ओल शोधावी. कोपऱ्यात डाग, कुबट वास, पावलाखाली दबणारी जमीन यांपैकी काही आढळले तर नम्रपणे परतावे. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर बदललेला बरा.

नवे शब्द

भारक्षमता : गाडीच्या आत व पाठीवर पेलता येणारे वजन.
ओढक्षमता : गाडीला मागे ओढता येणारे वजन.
जू : बैलांच्या मानेवरचे आडवे लाकूड.
उलाळ : मागच्या बाजूला ओझे जास्त झालेली (गाडी).
डागडुजी : किरकोळ दुरुस्ती.

गृहपाठ

१. आईबाबांबरोबर आपल्या गाडीच्या दारावरची भारक्षमता पाहा. घरातल्या सर्वांचे वजन आणि सामान वजा करून, उरलेल्या आकड्याला ८ ने गुणा. (आजीचे वजन विचारताना गोड बोलावे.)
२. टायरवर २२१९ लिहिले आहे. तो केव्हा तयार झाला? तो वापराल का?
३. वातानुकूलन १५०० वॅट, मायक्रोवेव्ह १४०० वॅट, केस वाळवायचे यंत्र १५०० वॅट. ३६०० वॅटमध्ये कोणत्या जोड्या एका वेळी चालतील?
४. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीचा अर्थ आजी किंवा आजोबांना फोन करून विचारा आणि पाच ओळींत लिहून आणा.

उत्तरे पुढच्या तासाला वर्गात तपासू. पालकांनी आपापल्या हिशेबाचा कागद बरोबर आणला तर चहाच्या वेळी आम्ही आनंदाने एकत्र बसून पाहू.