प्रभूच्या प्रार्थनेतील ‘एपिऊसिओस’: भाकर रोजची की उद्याची?

‘एपिऊसिओस’ हे ग्रीक विशेषण नव्या करारात मत्तय 6:11 आणि लूक 11:3 या दोनच ठिकाणी, प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीला लावलेले आढळते. तिसऱ्या शतकातील ओरिगेन स्वतः ग्रीकभाषक; त्यालाही हा शब्द ना ग्रंथांत सापडला ना लोकांच्या बोलण्यात. तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे त्याचे मत होते.

व्युत्पत्ती दोन प्रकारे लावतात. ‘एपि’ आणि ‘ऊसिआ’ (अस्तित्व) असा विग्रह केला, तर जगण्यापुरती भाकर. मात्र अशा संधीत ‘एपि’चा ‘इ’ सहसा लोपतो, तो इथे टिकला आहे. दुसरी वाट ‘येणारा दिवस’ या अर्थाच्या ‘एपिऊसा’कडे जाते; हा शब्द प्रेषितांची कृत्ये 16:11 मध्ये प्रत्यक्ष आला आहे. हिला जेरोमचाही आधार मिळतो: इब्री लोकांच्या शुभवर्तमानात या जागी ‘उद्या’ या अर्थाचा ‘माहार’ होता, अशी त्याने नोंद केली आहे. तरीही लॅटिन भाषांतरात त्याने मत्तयात ‘सत्तेपलीकडची’ आणि लूकमध्ये ‘रोजची’ असे दोन वेगळे शब्द योजले.

इजिप्तमधील एका पपायरसावरील खर्चाच्या यादीत हा शब्द असल्याचे 1889 मध्ये प्रसिद्ध झाले आणि कोशांनी त्यावर बराच भर दिला. हरवलेला तो पपायरस येलच्या संग्रहात पुन्हा मिळाला, तेव्हा तिथे ‘एलाइऊ’, म्हणजे तेल, असे वाचले गेले. तो पुरावा बाद झाला.

मराठी बायबलातील ‘रोजची’ हा रुळलेला अर्थ आहे. पण लूकच्या वाक्यात ‘दररोज’ हा शब्द आधीच असल्याने तिथे द्विरुक्ती होते. त्यामुळे ‘येत्या दिवसाची’ हाच अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो.