पाळणाघर, अनुदान आणि गावाचा वाटा

भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे जालना जिल्ह्यातील शेतीप्रधान गाव होय. कपाशीच्या वेचणीचे दिवस आले की अशा गावांतील स्त्रिया सकाळीच शेताची वाट धरतात व दिवस मावळताना परततात. या काळात तान्ह्या मुलास कोणी सांभाळावयाचे, हा प्रश्न कष्टकरी कुटुंबांपुढे उभा राहतो. पुष्कळदा मोठ्या बहिणीस शाळेतून घरी ठेवून तो सोडविला जातो. लहानग्याच्या संगोपनाची किंमत अशा वेळी बहिणीच्या शिक्षणाने चुकवावी लागते.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगावी पोहोचली. परंतु अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असून ते दिवसातील काही तासच चालते. तीन वर्षांखालील मुलांचा पोषण आहार घरी दिला जातो. त्यांना दिवसभर सांभाळण्याची सोय तेथे अभिप्रेत नव्हती. ही उणीव भरून काढणे हे पाळणाघराचे कार्य आहे.

कोसबाडचा धडा

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. तेथील मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गुंतल्यामुळे शाळेत येऊ शकत नाहीत, हे त्यांनी ओळखले. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी 'विकासवाडी' त्यांनी उभी केली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले, तर थोरली बहीण वर्गात बसू शकते, हे त्यामागील साधे सूत्र होते. पटावरील मुली गैरहजर का राहतात याचा शोध घेणाऱ्या शिक्षकांना ते आजही उपयोगी पडेल.

अनुदानाचा प्रवास

पाळणाघरे चालविणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना केंद्र शासन १९७५ पासून साहाय्य देत आले. २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अमलात आली. तिच्याखाली देशात वीस हजारांहून अधिक पाळणाघरे चालत होती. १ जानेवारी २०१७ पासून योजनेचे रूप बदलले आणि खर्चाची विभागणी केंद्र ६०, राज्य ३० व संस्था १० टक्के अशी ठरली. २०२० पर्यंत पाळणाघरांची संख्या सात हजारांच्या आत आली होती.

२०१७ च्या दरांचा हिशेब उद्बोधक आहे. पाळणाघर महिन्यातून २६ दिवस, रोज साडेसात तास, म्हणजे १९५ तास चालावयाचे. सेविकेचे मासिक मानधन ३,००० रुपये व मदतनिसाचे १,५०० रुपये होते. याचा अर्थ सेविकेस तासाला सुमारे पंधरा रुपये मिळत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून दरमहा २० रुपये शुल्क घ्यावयाचे होते. पंचवीसही मुले अशा घरांतील असली तर जमा फक्त ५०० रुपये. गरीब वस्तीतील पाळणाघर शुल्कावर चालू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते. जेथे गरज अधिक, तेथेच संस्थेस आपला दहा टक्के वाटा उभारणे कठीण जाते.

२०२२ मध्ये 'मिशन शक्ती' अंतर्गत ही योजना 'पाळणा' या नावाने पुन्हा मांडण्यात आली. अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची कल्पना तीत आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी, अंगणवाडीच्या कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त, स्वतंत्र सेविका व मदतनीस यांची तरतूद करण्यात आली. खर्चाचे प्रमाण केंद्र ६० व राज्य ४० टक्के ठेवल्याने संस्थेच्या वाट्याची अट उरली नाही.

पंचायतीने काय करावे?

सर्वप्रथम गावातील तीन वर्षांखालील मुलांची व कामावर जाणाऱ्या मातांची यादी अंगणवाडी सेविकेच्या साहाय्याने करावी. शाळेच्या हजेरीपटावरून भावंडांपायी गैरहजर राहणाऱ्या मुलींची नोंद तिला जोडावी. या माहितीसह ग्रामसभेचा ठराव बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठविल्यास मागणीस आधार मिळतो.

दुसरी गोष्ट निधीची. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा महाराष्ट्रात दंडक आहे. खेळणी, चटया, पिण्याच्या पाण्याची सोय, झोळ्या यांसाठी तिचा विनियोग होऊ शकेल. तिसरी गोष्ट वेळेची. पाळणाघर कार्यालयीन वेळेत उघडून मजूर स्त्रीस लाभ होत नाही. वेचणी व खुरपणीच्या हंगामात ते शेतीच्या वेळेस उघडावे लागेल.

अनुदानाने पाळणाघराचा आरंभ होऊ शकतो. पुढे ते टिकावयाचे तर मूल सांभाळणे हेही श्रमाचे व कौशल्याचे काम आहे, हे गावाने मान्य करावयास हवे. सेविकेचे मानधन वेळेवर मिळते की नाही, याची चौकशी ज्या ग्रामसभेत होईल, त्या गावातील मुलगी धाकट्या भावासाठी घरी थांबणार नाही.