नवउद्योजकाने जाणून घ्यावयाची संगणकीय परिभाषा

आपल्या भागातील तरुण आता केवळ नोकरीच्या जाहिरातीवर विसंबून न राहता स्वतःचा उद्योग उभारण्याचा विचार करू लागला आहे, ही समाधानाची बाब होय. पुष्कळांच्या मनात एखाद्या मोबाईल अॅपची कल्पना असते. कल्पना त्याची, पैसा त्याचा. परंतु सॉफ्टवेअर तयार करणारे बहुधा पुणे किंवा हैदराबादचे असतात. बोलणी सुरू झाली की 'वायरफ्रेम', 'बॅक-एंड', 'स्प्रिंट' असे शब्द कानांवर येतात. अडाणी ठरू नये म्हणून तरुण मान डोलावतो आणि न समजलेल्या कागदावर सही करतो. अशा सहीची किंमत कधी कधी वडिलांची जमीन गहाण टाकून चुकवावी लागते. म्हणून या शब्दांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

त्यासाठी प्रत्येकाने प्रोग्रॅम लिहिण्यास शिकावे असे नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात त्यांनी कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा व्यवसाय केला. धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्राचे शिक्षण घेऊन व्हायरस काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातूनच 'क्विक हील' उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. एका भावाने प्रोग्रॅम लिहिला, दुसऱ्याने धंदा वाढविला. पण दोघांना एकमेकांची भाषा कळत होती. ज्याच्या घरात असा भाऊ नाही, त्याने ही भाषा प्रयत्नपूर्वक शिकली पाहिजे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, इस्लापूर परिसरातील शेतकऱ्याला कापूस किंवा सोयाबीन बाजारात नेण्यासाठी टेम्पो ठरविता यावा, असे अॅप आपल्याला काढावयाचे आहे. हे काम घर बांधण्यासारखेच आहे.

१. आराखड्याचे शब्द

वायरफ्रेम म्हणजे घराचा कागदावरील नकाशा. कोणत्या पडद्यावर कोणते बटण, कोठे नाव, कोठे भाडे, एवढेच त्यात रेघांनी दाखविलेले असते. हा नकाशा आपण स्वतः वहीत पेन्सिलने काढू शकतो आणि तो काढूनच बोलणीस जावे. मॉकअप म्हणजे रंग दिलेल्या घराचे चित्र; दिसते सुंदर, पण त्यात राहता येत नाही. प्रोटोटाइप म्हणजे दाबून पाहता येईल असा नमुना. बटण दाबले की पुढचा पडदा येतो, परंतु टेम्पो खरोखर ठरत नाही. पुष्कळ जण हा नमुना पाहून काम संपले असे समजतात व पैसे मोकळे करतात. वास्तविक पायाच खोदावयाचा असतो.

यूआय म्हणजे डोळ्यांना दिसणारी मांडणी: अक्षरे, रंग, बटणे. यूएक्स म्हणजे वापरणाऱ्याला येणारा एकूण अनुभव. हा दुसरा शब्द डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास अॅपल कंपनीत असताना रूढ केला. दोहोंतील फरक असा: टेम्पो मागविण्याचे बटण हिरवे की पिवळे, हा यूआयचा प्रश्न, रेंज गेली असता, उन्हात, चष्मा नसलेल्या शेतकऱ्याला ते वापरता येते की नाही, हा यूएक्सचा प्रश्न. आपल्या धंद्याचे यश दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे. मराठी अक्षरांकडेही लक्ष द्यावे. इंग्रजीच्या मापाने केलेल्या चौकटीत मराठी मजकूर कधी मावत नाही, वेलांट्या व उकार कापले जातात. म्हणून नमुना पहिल्या दिवसापासून मराठीतच मागावा.

२. बांधकामाचे शब्द

फ्रंट-एंड म्हणजे घराचा दर्शनी भाग; शेतकऱ्याच्या मोबाईलवर दिसते ते. बॅक-एंड म्हणजे न दिसणारा भाग. कोणता टेम्पो रिकामा आहे, भाडे किती, याचा हिशेब तेथे होतो. डेटाबेस ही माहितीची कोठी. सर्व्हर म्हणजे ज्यावर हे सर्व चालते तो सदैव सुरू असलेला संगणक, आणि त्यावर जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. हे भाडे अॅप तयार झाल्यावरही भरत राहावे लागते, हे हिशेबात धरावे. डोमेन म्हणजे इंटरनेटवरील आपला पत्ता. त्याचेही ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते.

एपीआय म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली रीत. भाड्याचे पैसे स्वीकारण्यासाठी आपण स्वतः बँक काढत नाही. पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीच्या एपीआयला आपले अॅप जोडतो. अशा जोडणीचे दर कोण भरणार, हे आधी विचारावे.

३. कामाच्या रीतीचे शब्द

सगळे आधी ठरवून, एक टप्पा पूर्ण झाल्यावरच दुसरा हाती घेणे, याला वॉटरफॉल म्हणतात. सहस्रकुंडाचे पाणी खाली पडल्यावर वर चढत नाही, तसेच येथे मागचा टप्पा पुन्हा उघडणे कठीण. याउलट थोडे करून, दाखवून, दुरुस्त करत पुढे जाणे याला अजाइल म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जणांनी एकत्र येऊन त्याचा जाहीरनामा लिहिला. या पद्धतीतील एक ते चार आठवड्यांच्या कामाच्या तुकड्याला अनेक ठिकाणी स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालणारी वस्तू पाहण्याचा आग्रह धरावा.

एमव्हीपी म्हणजे मुख्य गरज भागविणारे सर्वांत लहान चालते रूप. एरिक रीस यांच्या २०११ च्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वत्र पोहोचला. आपल्या उदाहरणात, एक गाव, दहा टेम्पो आणि फोनवर येणारा निरोप, एवढे पुरे. शेतकरी ते वापरतात असे दिसले तरच पुढचा खर्च करावा. बग म्हणजे प्रोग्रॅममधील दोष. स्कोप म्हणजे ठरलेल्या कामाची हद्द. हद्दीबाहेरचे मागितले की जादा पैसे लागतात. म्हणून दोष दुरुस्ती कशाला म्हणावयाचे आणि नवे काम कशाला, हे लेखी असावे.

४. मालकीचे शब्द

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर. तो जेथे बदलांच्या नोंदीसह ठेवतात त्या जागेस रिपॉझिटरी म्हणतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले 'गिट' वापरतात.

पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असा समज आहे. तो बरोबर नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. परंतु बाहेरच्या व्यक्तीकडून अथवा कंपनीकडून ठेक्याने करून घेतलेल्या कोडचा हक्क, लेखी करून दिल्याशिवाय, लिहिणाऱ्याकडेच राहतो. शिवाय त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता मानला जातो. म्हणजे एका ओळीच्या अभावी सहाव्या वर्षी आपलाच धंदा दुसऱ्याच्या दारात उभा राहू शकतो.

सही करण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी लेखी घ्याव्यात:

(१) कोडचा संपूर्ण हक्क, मुदत व प्रदेशासह, आपल्या नावे.
(२) रिपॉझिटरी, डोमेन, होस्टिंग व अॅप स्टोअर यांची खाती आपल्या नावे.
(३) प्रत्येक टप्प्याला दिसणारे काम आणि त्यानंतरच त्या टप्प्याचे पैसे.
(४) काम सोपविल्यानंतर दोष किती महिने विनामूल्य दुरुस्त होतील.
(५) ग्राहकांची माहिती कोठे राहील व कोण पाहील. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी महत्त्वाची ठरविली आहे.

'हा शब्द मला समजला नाही, मराठीत सांगा' असे म्हणण्यात कमीपणा नाही. ज्याला आपले काम खरोखर येते, तो ते साध्या भाषेत सांगू शकतो. जो सांगू शकत नाही वा सांगू इच्छित नाही, त्याच्या हाती आपल्या घामाचा पैसा देण्याआधी तरुणांनी दोनदा विचार करावा.