चोचीत काय आहे ते आधी बघा



या वेळचा अभ्यास पक्ष्यांचा आहे. तुम्ही म्हणाल, पक्षी बघत बसायला वेळ कुणाला आहे? खरं तर तुम्ही रोज बघताच. सडा टाकताना अंगणात चिमण्या असतात, भांडी घासायच्या जागी साळुंक्या खरकटं टिपत असतात, निंदायला गेलं की बांधावर टिटवी ओरडते. फक्त आपलं लक्ष हातातल्या कामात असतं. त्या बघण्यात थोडं ध्यान घालायचं, एवढंच शिकायचं आहे. ते ध्यान नव्हतं म्हणून माझे पैसे गेले, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमचा दीड एकर हरभरा चांगला घाट्यावर आला होता. एक दिवस पाहते तर साळुंक्यांचा थवा पिकात उतरलेला. मला वाटलं, आता हरभरा संपला. पोरांना पत्र्याचा डबा दिला आणि आठ दिवस राखण करायला लावली. पाखरं गेली. नवव्या दिवशी घाटे हातात घेतले, तर जागोजागी गोल भोकं. घाटेअळी! मग दोन फवारण्या झाल्या, औषधाचे पैसे गटातून उचलले, आणि तरी उतारा कमीच आला. बाजूलाच जाऊबाईंचं रान. त्यांनी एकदाच फवारलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मी बांधावर बसून बघितलं. त्यांच्या चोचीत हिरवं वळवळत होतं. दाणा नव्हता."

मी पाखरं बघितली होती, त्यांची चोच बघितली नव्हती.

आता यातलं शास्त्र बघू. घाटेअळी मोठी झाली की डोकं घाट्यात घालते आणि निम्मं अंग बाहेर ठेवते. साळुंकी, कोतवाल, बगळा यांना ती सहज दिसते. म्हणून हरभऱ्यात पक्षीथांबे लावायला सांगतात. इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या, पिकापेक्षा हात-दीड हात उंच, एकरी पंधरा-वीस पुरतात. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल त्यावर बसतो, खाली झेप घेतो आणि परत तिथेच येतो. काठ्या नसतील तर पेरतानाच बियाण्यात थोडी ज्वारी मिसळा. ती उंच वाढते आणि पाखरांना बसायला होते. नांगरटीच्या वेळी बैलामागे नाहीतर ट्रॅक्टरमागे बगळे चालतात, तेही हुमणी नि इतर किडे वेचायलाच.

पण पाखरू म्हणजे मित्रच, असंही मी म्हणणार नाही. पोपट सूर्यफुलाचं काय करतात ते पेरणाऱ्यांना विचारा. कणसात दूध भरलं की चिमण्या आणि सुगरणी ज्वारी-बाजरीवर उतरतात, तेव्हा राखण करावीच लागते. गंमत अशी की याच दाणे खाणाऱ्या चिमण्या पिल्लं झाली की त्यांना अळ्या आणि किडे भरवतात, कारण कोवळ्या पिल्लाला नुसता दाणा चालत नाही. म्हणजे एकच पाखरू एका महिन्यात नुकसान करतं आणि दुसऱ्या महिन्यात राखण. म्हणून ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. चोच बघा, महिना बघा, मग डबा वाजवायचा की नाही ते ठरवा.

घुबडाचं मात्र चोच बघून भागत नाही, कारण ते रात्री खातं. पडक्या वाड्यात किंवा जुन्या देवळात बदामासारख्या पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड असतं. आपल्याकडे त्याला अशुभ म्हणतात, दगड मारतात, कुणी कुणी तर करणी-जादूटोण्यासाठी पकडतात. ते बसतं त्या जागेखाली काळपट गोळे पडलेले दिसतील. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून ओकून टाकतं, तेच हे. काडीने एक गोळा फोडून बघा, उंदराची कवटी सापडेल. नंतर हात साबणाने धुवा. कणगीतलं धान्य कुतरणारा उंदीर तो. आता अशुभ कोण ते तुम्हीच ठरवा. घुबड मारणं-पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणंही त्याच कायद्याने चालत नाही, हे पुष्कळ घरांत माहीत नसतं.

टिटवीचंही तसंच. ती ओरडली की कुणीतरी जाणार, असं माझी सासू म्हणायची. टिटवी उघड्या जमिनीवर, ढेकळांत अंडी घालते. आपण जवळ गेलो की तिच्या जिवाचा आकांत होतो, म्हणून ती ओरडते. निंदताना अशी अंडी दिसली तर हात लावू नका, बाजूला एक काठी रोवून तेवढी जागा सोडा.

आणि पावशा. "पेरते व्हा" म्हणतो तो. ऐकून बरं वाटतं, पण पावसाच्या आधीपासूनच ओरडत असतो. त्याच्या भरवशावर बियाणं मातीत घालू नका. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर पडू द्या, मग पेरा.

आपल्या शिवणकामाच्या गटासाठी एक पाखरू मुद्दाम सांगते. शिंपी नावाचा, अंगठ्याएवढा, हिरवट पाठीचा. परसात मोठ्या पानांचं झाड असेल तर तो पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडतो, कापूस किंवा कोळ्याचं जाळं त्यातून ओढतो आणि पान शिवून आत घरटं करतो. सुगरणीचा खोपा तर आपल्याला बहिणाबाईंच्या कवितेमुळे ठाऊकच आहे. पण खोपा विणतो तो नर, बरं का. अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच राहते. नाही पडला तर बिचारा दुसरा विणायला घेतो. हे घरी सांगून बघा.

आता एक वाईट गोष्ट. गेल्या वर्षी औषध लावलेलं उरलेलं बियाणं मी परसात कोपऱ्यात ओतलं. "पाऊस पडला की जाईल मातीत," असं वाटलं. सकाळी गटाच्या कर्जातून घेतलेल्या माझ्या सात कोंबड्या आणि दोन होले मरून पडले होते. कर्जाचा हप्ता अजून चालू आहे. उरलेलं बियाणं उघड्यावर टाकू नका, बांधावरही सांडू देऊ नका. खड्डा करून खोल पुरा, विहिरीपासून लांब. पेरताना वर राहिलेले दाणे झाकून घ्या. मोर, होले, कोंबड्या यांना औषधाचा रंग कळत नाही.

परसात पाणी ठेवायचं तर पसरट मातीचं भांडं घ्या, दोन बोटं पाणी आणि मध्ये एक दगड, म्हणजे लहान पाखराला उभं राहता येतं. दोन दिवसांनी राखेने घासा. मांजर दबा धरेल अशा झुडपाजवळ ठेवू नका.

येत्या ५ ते १२ नोव्हेंबरला आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा आणि १२ ला सालिम अलींचा जन्मदिवस, दोघांनीही आयुष्य पाखरांच्या अभ्यासात घातलं. त्या आठवड्यात रोज सकाळी ऊन चढायच्या आत दहा मिनिटं एका जागी बसा. गटाच्या जुन्या वहीचं मागचं पान घ्या. तारीख, जागा, पाखराचं नाव आणि ते काय करत होतं, एवढं लिहा. पुस्तकातलं नाव नको, तुमच्या गावात म्हणतात तेच लिहा. नाव नसेल तर रंग नि शेपटी लिहा. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका. ते पान ग्रामसंघाच्या बैठकीला आणा, सगळ्यांचं जोडून वाचू.

माझ्या वहीतली एक ओळ नमुना म्हणून देते: "१४ डिसेंबर. हरभरा, विहिरीकडची बाजू. साळुंक्या नऊ. चोचीत अळी. डबा वाजवला नाही."