हिरव्या त्रिकोणात बेडूक मोजलेला नसतो

औंढा नागनाथला माझं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीन उगवून वर आलं की दुकानात एकच विषय, तण. निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. म्हणून तणनाशकाला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही; माझं पोट त्यावर आहे. पण विकता विकता काही गोष्टी मनाशी पक्क्या होत गेल्या.

१. नॅनो म्हणजे सौम्य, हा समज नॅनो युरियातून आला. २०२१ मध्ये इफ्कोची अर्धा लिटरची बाटली बाजारात आली, तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, तणनाशक नाही का आलं नॅनोत? औषध कमी लागंल, रानालाही त्रास नाही." युरियाचा फायदा किती, हा वाद वेगळा. पण तो खत आहे. तणनाशक झाड मारायलाच बनवलेलं असतं, आणि कण बारीक करण्याचा हेतूही त्याने अधिक चांगलं मारावं हाच.

२. डोस घटला म्हणून धोका त्याच मापाने घटत नाही. अॅट्राझिन आपल्याकडे मक्यात, उसात चालतं. हळदीतही कित्येक जण मारतात. ब्राझीलच्या संशोधकांनी ते पॉलिमरच्या काही शे नॅनोमीटरच्या कुप्यांत भरलं आणि मोहरीवर फवारलं. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दहापट पातळ करूनही औषधाने नेहमीइतकंच काम केलं. ऐकायला गोड आहे. एकरी औषध कमी, म्हणजे ओढ्यात जाणारंही कमी. हा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही.

मात्र त्याच देशात वर्षभर आधी, २०१४ मध्ये, अॅट्राझिनच्या गटातल्या तणनाशकांच्या अशाच कुप्या पाण्यातल्या जिवांवर तपासल्या होत्या. शेवाळाला कुपीतलं औषध साध्या औषधापेक्षा कमी बाधलं. जलपिसूला मात्र जास्त. जलपिसू म्हणजे डबक्यात, तळ्यात उड्या मारत पोहणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव. तो पाणी गाळून खातो; पाण्यात तरंगणारा बारीक कण त्याच्या पोटात जाणारच. माशांची पिल्लं त्याच्यावर वाढतात. आपल्या शिवारांचं पाणी ओढ्या-नाल्यांनी पूर्णेला मिळतं, आणि येलदरी, सिद्धेश्वर ही दोन्ही धरणं पूर्णेवरच आहेत. तिथे जाळं टाकणाऱ्याला शेवाळ वाचलं हे सांगून काय उपयोग?

एकाच बाटलीने एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला मारलं. म्हणून 'नॅनो सुरक्षित' आणि 'नॅनो घातक' ही दोन्ही वाक्यं मला अर्धवट वाटतात. कोणासाठी, हे आधी विचारावं.

३. लेबलवरच्या औषधाइतकंच बाकीचं पाणीही बघावं. ग्लायफोसेटच्या काही मालांत ते पानावर पसरावं म्हणून टॅलो अमाइन जातीचा साबणी पदार्थ घालत. बेडकांच्या पिल्लांना मूळ औषधापेक्षा तो पदार्थच अधिक बाधतो, असं आढळलं. युरोपने २०१६ मध्ये त्याला ग्लायफोसेटच्या मालातून काढायला लावलं. औषध तेच ठेवून सोबती बदलला तरी विष बदलतं. नॅनो कुपी हाही असाच एक सोबती आहे. (पंपात शाम्पूची पुडी टाकणाऱ्यांना हे मी दर हंगामात सांगतो. ऐकतात, आणि पुडी टाकतात.)

४. डब्यावरचा त्रिकोण माणसासाठी आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही उतरंड लावतात ती प्रयोगशाळेतल्या जनावरांना किती मात्रेत मरण येतं त्यावरून. हिरवा दिसला की गडी निर्धास्त होतो. त्या रंगात बेडूक मोजलेला नाही, गांडूळ नाही, मधमाशी नाही.

५. वारा शेजाऱ्याची हद्द ओळखत नाही. टू-फोर-डी एका रानात मारलं की लगतच्या कापसाची पानं भेंडीसारखी चिरत जातात, हे आपल्याकडे कोणालाही विचारा. कापूस बोलका म्हणून कळतं. धुऱ्यावरची रुई आणि धोतरा गेला तर कोण तक्रार करणार? धोतऱ्याचं फूल नागनाथाला लागतं, रुईच्या पानावर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, तांदुळजा आणि कुंजर पावसाळ्यात घरोघरी शिजतात. माझ्याकडे येऊन "धुरा साफ करायचाय" म्हणणाऱ्याच्या लेखी ते सगळं गवत.

६. चाचणी आपल्या रानात व्हावी. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचं पहिलं पाणी मातीतून झिरपत बसत नाही, भेगेतून सरळ खाली उतरतं. युरोपने २००४ मध्ये अॅट्राझिनला दार बंद केलं ते भूजलात सापडत राहिल्यामुळे. कुपीत बंद असलेलं औषध मातीच्या कणाला चिकटेल की पाण्याबरोबर विहिरीला जाईल, ते कुंडीतल्या मोहरीवरून कळत नाही. आपलं कृषी विद्यापीठ परभणीला आहे, आणि ही माती त्याच्या दारातली.

७. कागद आहे, तो वाचावा. जुलै २०२० मध्ये केंद्राने शेतीतल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तणनाशकाला १९६८ चा कीटकनाशक कायदा आहेच, नोंदणीशिवाय विक्री नाही. माझ्या फडताळावर नॅनो तणनाशक अजून आलेलं नाही. येईल तेव्हा कंपनीचा माणूस योजना घेऊन येईल, इतक्या पेट्यांवर इतकी सूट. त्याला विचारायचे प्रश्न मी बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. कुपी कशाची? मातीत किती दिवसांत मोडते? जलपिसू, गांडूळ, मधमाशी यांच्यावर नुसत्या औषधाची चाचणी दाखवताय की कुपीसकट मालाची? काळ्या मातीत केली का? आणि डोस दहापट कमी असेल तर गडी सवयीने जुनाच डोस ओतेल, तेव्हा काय होईल?