वाचकांचे प्रश्न : पणजोबांच्या हिशेबातला बर्फ

प्रश्न : मी रीडिंगला राहते. मुंबईचं घर आवरताना पणजोबांच्या प्रोबेटची १९३८ सालची फाइल सापडली. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने कोर्टात दिलेल्या हिशेबात 'डॉक्टरांसाठी व्हिक्टोरिया', 'रात्रीची नर्स', 'गड्याचा तीन महिन्यांचा पगार' असे खर्च आहेत. बर्फ तर सलग अकरा दिवस! इस्टेटीतून कुणी पैसे लाटले असतील का?
– एक वाचक, रीडिंग

उत्तर : मला तरी यात लबाडी दिसत नाही. उलट, व्यवस्थापक कायदा नीट वाचलेला माणूस वाटतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो. कलम ३२० सांगते की अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि अखेरच्या आजारपणाचा खर्च बाकी सगळ्या देण्यांच्या आधी भागवायचा. म्हणजे सावकार दारात उभा असला, तरी आधी नर्सचे पैसे. गड्याचे तीन महिनेही उगाच नाहीत. घरकाम करणाऱ्याचा मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, प्रोबेटचा खर्च भागला की लगेच द्यावा, असे कलम ३२२ म्हणते. कायद्याची ही दोन कलमे मला फार माणुसकीची वाटतात.

राहिला बर्फ. घरात फ्रिज नसे, आणि ताप उतरेना की डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवत. रोज ताजा बर्फ आणावा लागे, म्हणून रोजची वेगळी नोंद.

असे हिशेब तुमच्या गावातही पाहायला मिळतील. कोली अव्हेन्यूवर बर्कशायरचे अभिलेखागार आहे. १५८३ ते १७१२ या काळातले त्या परगण्यातले प्रोबेट हिशेब पुस्तकरूपानेही आले आहेत. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईची मजुरी, दफनाला आलेल्यांचे खाणेपिणे, मागे राहिलेल्या पोरांचे पालनपोषण असले खर्च त्या काळच्या इंग्लंडमध्येही मृताच्या मालमत्तेतूनच वजा होत. आजही तिथे इनहेरिटन्स टॅक्स काढताना अंत्यविधीचा वाजवी खर्च वजा मिळतो, थडग्याच्या दगडासकट.

आता या फाइलवरून दावा लावण्यात काही अर्थ नाही, पण ती रद्दीत घालू नका. पणजोबांच्या शेवटच्या दिवसांची दुसरी नोंद घरात बहुधा नसेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या गड्याचे नाव विचारा, आणि बर्फाची शेवटची तारीख मृत्यूच्या दाखल्याशी ताडून पाहा.