निवळ पाण्याचा भरवसा

मुक्काम ऑटवा

चि. सौमित्र यास,

हिवाळाभर कॅल्गरीच्या बर्फात उभी असलेली कॅम्पर व्हॅन व्हिक्टोरिया डेच्या सुटीस बाहेर काढण्याचा तुझा मनोदय समजला. टाकी चार वेळा भरून ओतली, पाणी आता अगदी निवळ दिसते, तेवढ्यावर भागेल ना, असे तू पत्राच्या शेवटी जाता जाता विचारले आहेस. परंतु ज्याची उभी हयात महाराष्ट्रात पाणीपुरवठा खात्याच्या चाकरीत गेली, त्याला या प्रश्नाचे उत्तर जाता जाता देणे जमत नाही, सबब हा विस्तार.

पाणी निवळ असणे निराळे आणि निर्जंतुक असणे निराळे. महिनोन्महिने बंद राहिलेल्या टाकीच्या व नळ्यांच्या आतल्या अंगास जंतूंचा एक बुळबुळीत थर धरतो, आणि तू कितीही वेळा टाकी भरून ओतलीस तरी पाणी त्याच्यावरून निघून जाते, थर जागचा हलत नाही. 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अधिवेशनास जमलेले कित्येक माजी सैनिक ज्या अज्ञात ज्वराने दगावले, त्याचा कारक जंतू पुढल्या वर्षी सापडला. तो लिजिओनेला अशाच थरात वस्ती करतो, 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात वाढतो आणि पिण्यापेक्षा शॉवरच्या तुषारांतून, श्वासावाटे, फुप्फुसात शिरतो. तेव्हा पिण्यासाठी बाटलीचे पाणी घेतो, ही तुझी सबब मी मंजूर करीत नाही.

प्रथम थंडीने केलेल्या नुकसानीची रुजुवात घे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, आणि कोपऱ्यात राहिलेले घोटभर पाणीही सांधा फोडण्यास पुरेसे होते. सर्व नळ बंद ठेवून पंप सुरू कर. दाब भरला की तो गप्प झाला पाहिजे. एकही तोटी उघडी नसता तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा गुरगुरू लागला, तर कोठेतरी गळती आहे असे समजून बाकांखाली विजेरी घेऊन शिरावे. नंतर हिवाळ्यासाठी नळ्यांत भरलेले गुलाबी अँटिफ्रीझ प्रत्येक नळातून रंग व फेस जाईपर्यंत धुऊन काढ. हे प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. मोटारीच्या रेडिएटरात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी. व्हॅन तू जुनी घेतली आहेस, म्हणून आधीच्या मालकाने यंत्रणेत काय भरले होते याचीही चौकशी करावी.

आता औषधाचे. आमच्या खेड्यांतून विहिरीत टाकण्याची टीसीएल पावडर आधी बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडण्याचा प्रघात आहे. तुला पावडरीचे कारण नाही. बिनवासाचे साधे घरगुती ब्लीच घे, आणि त्याची तीव्रता 5 टक्के असल्यास टाकीच्या दर लिटरमागे 1 मिलिलिटर या हिशेबाने, म्हणजे लिटरला सुमारे 50 मिलिग्रॅम क्लोरीन पडेल असे, बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओत. बाटलीवर 8 टक्के लिहिले असेल तर प्रमाण त्या मानाने उतरव. त्यापूर्वी कार्बनची गाळणी काढून ठेवावी, कारण ती क्लोरीन गिळते आणि स्वतः निकामी होते. गीझर बंद ठेवून त्याला वगळणारी झडप फिरवावी, म्हणजे औषध त्याच्याही पोटात जाईल. गीझरची टाकी पोलादी असल्यास मात्र क्लोरीन चालते की नाही, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत आधी पाहा.

टाकी गळ्यापर्यंत भर आणि एकेक तोटी, थंड व गरम दोन्ही बाजूंची, क्लोरीनचा वास येईतो उघडी ठेव. माणसे हयगय करतात ती येथेच. स्वयंपाकाचा नळ रोजच्या वापरातला म्हणून आठवतो. पण पाठीमागच्या दाराशी असलेला, वर्षातून एकदा चिखलाचे बूट धुण्यापुरता उघडणारा शॉवर कोणाच्या ध्यानात राहत नाही, आणि पाणी सर्वांत अधिक साचून राहते ते त्याच्याच नळीत.

मग रात्रभर थांब. दुप्पट ब्लीच घालून निम्म्या वेळात उरकण्याचा मोह तुझ्या पिढीस होतो. त्याने रबरी वायसर आणि पंपाचा पडदा तेवढे खराब होतात, कारण औषधास थराच्या तळापर्यंत पोचण्याची मुदत हवीच असते. सकाळी, जलतरण तलावासाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या पट्ट्यांपैकी एक नळाखाली धर. आमच्याकडे क्लोरीन तपासण्याच्या ओटी चाचणीत पिवळा रंग दिसेपर्यंत पाणी सोडण्याचा हुकूम नसे. पट्टी कोरी राहिली तर रात्रीचे सारे क्लोरीन त्या थरानेच फस्त केले असे समज आणि खुशाल पुन्हा तोच खटाटोप कर.

ते क्लोरीनचे पाणी ओढ्यात सोडू नकोस, मासे मरतात. सांडपाण्याच्या टाकीत घेऊन तळावरच्या डंपिंग स्टेशनात रिकामे कर, आणि ताज्या पाण्याने दोनदा यंत्रणा धू. पाणी भरण्यास बागेची हिरवी नळी वापरू नये. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी वेगळी मिळते. वास मारण्यासाठी व्हिनेगर घालावे असे कोणी सुचवील. क्लोरीन शिल्लक असता ते घातल्यास विषारी वायू सुटतो, म्हणून आधी यंत्रणा पुरती धुतली गेल्याची खात्री कर.

ताईस नमस्कार सांग, आणि पट्टीचा रंग काय आला ते उलट टपाली कळव.

तुझा,
मामा